पार्कातल्या तळ्यातले मासे पहाटेच का मेले

पार्क छोटंच आहे. घरापासून चालत जाता येईल असं, मधे तळं, तळ्याभोवती वॉकिंग ट्रॅक, एका बाजूला पाण्यावर आलेला लाकडी डेक, मधोमध फाउंटन, थोडी बदकं आणि पार पाण्याला टेकेपर्यंत कापलेलं लॉन. असं एखादं पार्क बहुतेकांच्या घराजवळ असतं, म्हणूनच हे प्रकरण जरा सविस्तर लिहितेय. मी तिथं चालायला जाते, मासे मेले त्या सकाळी मी तिथं होते आणि नंतर जे काही झालं त्यात हातही घातला, त्यामुळे खाली आहे ते बहुतेक डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आधी परिस्थिती सांगते. बरेच दिवस कडक ऊन पडत होतं आणि तळं हिरवंगार झालेलं, म्हणजे पाण्यात हात घातला तर मनगटाच्या पुढचं काही दिसायचं नाही इतकं हिरवं. मग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा अजिबात नाही, नुसती घुसमट, आणि त्यानंतर एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी गेट उघडल्यावर लोक आत आले तर कडेकडेनं मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मोठमोठे कार्प, काही तर हातभर लांब, आणि हवेत सडक्या अंड्याचा वास. लहान मुलं घेऊन आलेले लोक तसेच मागे फिरले.

पुढच्या तासाभरात काय झालं असेल हे कुणीही सांगेल. ग्रुपवर फोटो आले आणि लगेच "कुणीतरी विष कालवलंय" सुरू झालं. कुणी म्हणे लॉनवर मारलेलं औषध वाहून आलं, कुणी म्हणे गटाराचं पाणी सोडलं, आणि मग हळूहळू बोट वळलं ते संध्याकाळी उशिरापर्यंत डेकवर बसणाऱ्या पोरांकडे. का, तर ती मोठ्यानं हसतात, गाणी लावतात आणि कुणाला फारशी आवडत नाहीत. दुपारपर्यंत त्यातल्या दोघांच्या घरी फोनसुद्धा गेले होते. पुरावा काहीच नव्हता, पण मेलेले मासे समोर दिसत असताना कुणाला तरी धरायला हवं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि हे मला त्या वासापेक्षा जास्त टोचलं.

आमच्यात एक काका आहेत, मत्स्य विभागातून रिटायर झालेले, कधी फार बोलत नाहीत. ते त्या दिवशी जरा उशिरा आले, कुणाशी न बोलता तळ्याच्या कडेला उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, इकडे ये, हे किडे बघ. पाण्यावर लांब पाय पसरून सर्रकन सरकणारे ते बारीक किडे असतात ना, ते नेहमीसारखे इकडून तिकडे पळत होते. काका म्हणाले, कीटकनाशक आलं असतं तर सगळ्यात आधी हे गेले असते. मग त्यांनी पावसाचं पाणी ज्या पाइपमधून तळ्यात पडतं तो कोपरा दाखवला. तिथं बोटभर लांबीची पिल्लं दाटीवाटीनं जमली होती आणि सगळ्यांची तोंडं पाण्याच्या अगदी वरच्या पातळीला लागलेली, उघडझाप उघडझाप चाललेली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की विषानं मरतात तेव्हा लहानमोठे सगळे मरतात, बेडूक, गोगलगायी, किडे पण जातात आणि दिवसाच्या कुठल्याही वेळेला जातात. इथं मोठे मेले, लहान जगले, हवेतून श्वास घेणारे किडे ठणठणीत आहेत आणि सगळं पहाटे झालंय. हा ऑक्सिजन संपल्याचा प्रकार आहे. मोठ्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि वरच्या पातळ थरातलं बरं पाणी ओढून घेणं लहान पिल्लांना जमतं तसं त्याला जमत नाही, म्हणून तो आधी जातो. मरळीसारखा मासा असता तर तो तगलाही असता, कारण तो वर येऊन थेट हवा घेऊ शकतो, कार्पला ते जमत नाही.

अर्थात नुसतं बघून सांगितलेलं सगळ्यांना पटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग काकांनी ओळखीच्या एका कॉलेजच्या लॅबमधून पाण्यातला ऑक्सिजन तपासायचं किट आणलं. ही पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन केमिस्टनं १८८८ मध्ये काढली आणि अजूनही वापरतात, कारण ती साधी आहे आणि तिला बॅटरी लागत नाही. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, मग त्यात मँगनीजचं एक आणि आयोडाइड घातलेलं अल्कलीचं एक अशी दोन द्रावणं सोडायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ धरतो, नसेल तर गाळ पांढराच राहतो. पुढे आकडा काढायला अजून दोन पायऱ्या आहेत पण रंगावरूनच निम्मं कळतं.

कमिटीची परवानगी घेऊन आम्ही दोन वेळेला पाणी काढलं, एकदा सूर्य मावळायच्या थोडं आधी आणि एकदा पहाटे, उजाडायच्या आधी. तळाचं पाणी काढायला काकांनी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, बाटली तळाशी सोडली आणि मग बूच ओढलं. संध्याकाळची वरच्या पाण्याची बाटली गडद तपकिरी झाली, रीडिंग लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर. पहाटेची वरच्या पाण्याची बाटली फिकट, रीडिंग २ च्या खाली. आणि पहाटेची तळाची बाटली टॉर्चच्या उजेडात धरली तर आतला गाळ पांढराशुभ्र. काहीच नाही. ज्यांना विषाचं पटत होतं ते दोघं-तिघं मुद्दाम बघायला आले होते, ते ती बाटली हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होते.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण बहुतेकांची समजूत अशी असते की हिरवं पाणी म्हणजे ऑक्सिजन भरपूर. दिवसा खरंच भरपूर असतो. ते हिरवं म्हणजे सूक्ष्म शेवाळ, ते उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून तर संध्याकाळी १० च्या वर रीडिंग आलं, जे त्या तापमानाला पाण्यात मावतं त्यापेक्षाही जास्त आहे. पण सूर्य गेला की तेच शेवाळ, मासे, किडे आणि तळाच्या गाळातले जिवाणू, सगळे मिळून ऑक्सिजन वापरतच राहतात आणि बनवणारं कुणी नसतं. रात्रभर पातळी उतरत जाते आणि उजाडायच्या आधी सगळ्यात खाली येते. रोजच येते. ढगाळ दिवस लागले की दिवसाची कमाई कमी पडते, वारा नसला की हवेतून मिळणारंही घटतं, आणि वरून थंड पाऊस जोरात पडला की तळाचं कुजकं, ऑक्सिजन नसलेलं पाणी ढवळून वर येतं. त्या रात्री हे तिन्ही एकापाठोपाठ झालं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळातला हायड्रोजन सल्फाइड, पाणी उलथापालथ झाल्याची खूण.

आणि पाण्यात मुळात ऑक्सिजन किती कमी असतो हे आकड्यात बघितल्यावर मी तरी चक्रावले. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० डिग्रीला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो आणि ३० डिग्रीला साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात माशाला गरज वाढते आणि नेमका तेव्हाच साठा आटतो. ५ च्या वर असेल तर बहुतेक मासे मजेत असतात, २ च्या खाली काही तास राहिला तर मरायला लागतात. आमचं तळं साधारण दोन हजार चौरस मीटरचं आहे, सरासरी खोली सव्वा मीटर धरा, म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी झालं. त्याला साडेसात मिलिग्रॅमनं गुणलं तर अख्ख्या तळ्यातला ऑक्सिजन, तळं वरपासून खालपर्यंत पूर्ण भरलेलं आहे असं धरून, १९ किलो पण होत नाही. एवढ्या पाण्याचा सगळा जीव त्या १९ किलोवर.

आता फाउंटनचं सांगते, कारण मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

फाउंटन चालू असतो म्हणून तळ्याला ऑक्सिजन मिळतो, असं कमिटीसकट सगळे धरून होते. टायमरचा डबा उघडून बघितला तर त्याची वेळ होती संध्याकाळी सहा ते नऊ. म्हणजे लोक फिरायला येतात, फोटो काढतात, दिवे लागतात ती वेळ. तळ्यात ऑक्सिजन दिवसातला सगळ्यात जास्त असतो नेमका तेव्हा फाउंटन उडत होता, आणि पहाटे माशांचा श्वास कोंडत असताना बंद. वर पंप पाणी ओढत होता ते वरच्या थरातलंच, तेच उडवून तिथंच टाकत होता, तळाला त्याचा काही उपयोग नाही. कुणाची चूक म्हणून हे सांगत नाहीये, कारण फाउंटन बसवताना तो शोभेला म्हणूनच बसवला होता. पण अख्खं पार्क माणसांच्या वेळेवर चालतं, गेटची वेळ, दिव्यांची वेळ, सफाईची वेळ, फाउंटनची वेळ, आणि तळ्याची स्वतःची जी वाईट वेळ आहे ती गेट उघडायच्या आधीची. त्या वेळेला तिथं कुणी नसतं.

कुणी नसतं असं आम्ही म्हणत होतो, पण एकजण असतो. रात्रपाळीचे वॉचमनदादा. पहाटे पाणी काढायला गेलो तेव्हा ते कंदिलाइतक्याच उजेडाचा त्यांचा टॉर्च घेऊन आमच्यासोबत कडेला उभे होते, आणि काका तोंड वर काढणाऱ्या पिल्लांबद्दल काहीतरी सांगत होते तर ते सहज म्हणाले, "हे तर आधीपासूनच चालू होतं की, मोठे मोठे मासे पण असेच तोंड वर काढून फिरायचे पहाटेला, मला वाटलं पावसाची चाहूल लागली असेल त्यांना." आधीपासून! ढगाळ झाल्यापासून रोज पहाटे ते हे बघत होते. मासे मरायच्या आधी मिळणारी सगळ्यात स्पष्ट सूचना हीच असते, त्या वेळी फाउंटन नुसता चालू केला असता तरी बरेच वाचले असते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि सांगायचं कुणाला हे त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या सगळ्या उपायांमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय यातूनच निघाला. टायमर बदलून रात्री बारा ते सकाळी आठ केला आणि संध्याकाळी फक्त एक तास ठेवला. पंपाच्या डब्याची एक किल्ली वॉचमनदादांकडे दिली, मासे तोंड वर काढताना दिसले तर टायमरची वाट न बघता सरळ चालू करायचा आणि फोन करायचा, फोन कितीही वाजता आला तरी चालेल. लागून असलेल्या बिल्डिंगमधून रात्रीच्या आवाजाची तक्रार आली, ती खोटी नव्हती, पाण्याचा धबधब आवाज रात्री खूपच येतो. मग उंच उडणारं नोझल काढून बुटकं, पसरट पाणी फेकणारं लावलं, आवाज कमी झाला आणि पाण्याची वरची पातळी उलट जास्त हलायला लागली. पहाटेचं वरच्या पाण्याचं रीडिंग काही दिवसांत ४ च्या आसपास आलं.

नंतर तळाशी बुडबुडे सोडणारा एअरेटर बसवला. काठावर छोटा कॉम्प्रेसर, त्यातून पाइप तळाला, टोकाला बारीक छिद्रांच्या तबकड्या, बुडबुडे वर येताना तळाचं पाणी सोबत उचलून आणतात आणि ते वर येऊन हवेला लागतं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ चालू करू नका. तळाचं खराब पाणी एकदम वर आलं तर पावसानं जे केलं तेच एअरेटर करेल. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, मग दोन, असं दुप्पट करत जायचं.

मेलेले मासे मात्र त्याच दिवशी काढले होते, आणि त्यावर काका अडून बसले होते. दोन कारणं. एक तर ते कुजताना उरलेला ऑक्सिजन खातात. दुसरं बदकांसाठी. कुजणाऱ्या मांसात, ऑक्सिजन नसलेल्या जागी बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात, त्या मांसावरच्या अळ्यांमध्ये ते विष साठतं, बदकं त्या अळ्या खातात, माना टाकून मरतात आणि मग त्या मेलेल्या बदकांवर पुन्हा अळ्या. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबवणं फार अवघड असतं. माळीकाका आणि डेकवर बसणारी तीच पोरं, दोन जाळ्या घेऊन दुपारच्या आत सगळे मासे काढून पाण्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरून मोकळी झाली. पोरांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या घरी फोन केलेल्या लोकांपैकी एकानं नंतर जाऊन माफी मागितली, बाकीच्यांनी नाही मागितली, आणि ती मागायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

याच सुमाराला एका पुरवठादाराचं माणूस येऊन गेलं, शेवाळ मारायचं औषध घेऊन, दोन दिवसांत पाणी काचेसारखं करतो म्हणाला. कमिटी जवळजवळ तयार झाली होती कारण हिरवं पाणी कुणालाच आवडत नाही. पण सगळं शेवाळ एकदम मेलं की ते एकदम कुजणार, कुजायला ऑक्सिजन लागणार, आणि उन्हाळ्यात असं औषध टाकून उरलेसुरले मासे मारल्याची उदाहरणं मत्स्यपालनवाल्यांना पाठ असतात. काकांनी ते शांतपणे समजावून सांगितलं आणि तो विषय तिथं संपला. लगेच नवीन मासे आणून सोडायचा विषय पण तसाच संपवला, आहे त्यांनाच पुरत नसताना अजून खाणारी तोंडं कशाला.

मग खरा प्रश्न उरला की तळं इतकं हिरवं झालंच का. शेवाळाला खत मिळतंय म्हणून. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत, त्यातलं २२६ नंबरचं तळं मधे चिंचोळं आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले, एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या भागात तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला, आणि वरून काढलेला तो फोटो बघितला की वेगळं काही समजावायला लागत नाही. ढोबळ हिशोब असा की एक ग्रॅम फॉस्फरसवर चाळीसेक ग्रॅम कार्बन असलेलं शेवाळ वाढू शकतं, आणि ते मरून कुजलं की १४० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन खातं. आमच्या तळ्याच्या भाषेत, चिमूटभर फॉस्फरस म्हणजे जवळपास १९ हजार लिटर पाण्याचा ऑक्सिजन.

फॉस्फरस येतो कुठून, तर लॉनच्या खतातून, पानगळीतून, कापलेलं गवत पाण्यात उडतं त्यातून, बदकांच्या विष्ठेतून आणि आम्ही टाकतो त्या पावातून. खताच्या गोणीवर तीन आकडे असतात, त्यातला मधला फॉस्फेटचा, जमलेल्या लॉनला तो सहसा लागत नाही, म्हणून माळीकाकांनी मधला आकडा शून्य असलेलं खत घ्यायला सुरुवात केली. कडेची तीनेक मीटरची पट्टी कापायची थांबवली, तिथं गवत उंच वाढू दिलं, वाहून येणारं पाणी त्यात अडतं आणि गाळ खाली बसतो. त्यावरून बरीच कुरकुर झाली, साप येतील, तळं दिसत नाही, पार्क ओसाड वाटतं. यातली तळं दिसत नाही ही तक्रार मला रास्त वाटली, लोक पार्कात येतात ते पाणी बघायलाच, म्हणून बेंचांच्या समोर मोकळ्या खिडक्या ठेवल्या.

पावाचं मात्र सोपं नव्हतं. एक आजोबा रोज काठी टेकत येतात, पिशवीत शिळा पाव असतो, डेकवर बसून बारीक तुकडे करून टाकतात. बदकं त्यांना चालण्यावरून ओळखतात, ते गेटमधून वळले की पलीकडच्या काठावरून निघतात. मासे मेल्यावर हिशोब ग्रुपवर फिरला होता, की एक किलो पाव पाण्यात कुजला तर अर्धा किलोहून जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे साठ-सत्तर हजार लिटर पाण्यातला. हिशोब बरोबर आहे, पावात निम्मं पिठूळच असतं आणि बदकांच्या पोटात गेला तरी बाहेर येऊन पाण्यातच पडतो. पण तो वाचून एकानं डेकवर सगळ्यांसमोर आजोबांना सुनावलं की तुमच्यामुळे मासे मेले. आजोबा काही बोलले नाहीत, पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि उठले. नंतर काही दिवस आलेच नाहीत.

हे चुकीचं होतं, आणि नुसतं वागण्याच्या दृष्टीनं नाही, हिशोबाच्या दृष्टीनंही. त्यांचा पाव रोज मूठभर. सुट्टीच्या दिवशी येणारी प्रत्येक फॅमिली पोरांच्या हातात अख्खं पाकीट देते, बदकांचं पोट भरलेलं असतं, पाव तरंगतो, फुगतो, बुडतो, तो जास्त. शिवाय पावानं बदकांचंही भलं होत नाही, पोट भरतं पण पोषण नाही, आणि सतत खायला मिळालं की तळ्याला झेपतील त्यापेक्षा जास्त बदकं तिथंच मुक्काम ठोकतात.

मी त्यांच्याकडे जाऊन आले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आकडे पण ऐकले, आणि मग म्हणाले, "मग मी तिथं येऊन करायचं काय?" याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. पार्कात येणाऱ्या किती लोकांचं तिथं येण्याचं कारण असं एखाद्या छोट्या गोष्टीला बांधलेलं असतं, ती गोष्ट काढून घेताना आपण पाटी लावतो, "खाद्यपदार्थ टाकू नयेत", आणि विषय संपला असं समजतो. शेवटी ठरलं ते असं की पाव बंद, थोडा चिरलेला पाला आणि धान्य आणायचं, ते पाण्यात न टाकता काठावर जमिनीवर टाकायचं, मूठभरच, आणि बदकांनी संपवेपर्यंत थांबायचं. ग्रुपमधल्या काहींचं म्हणणं आहे की एकाला सूट दिली की सगळे मागतील. मला ते पटत नाही. काठावर टाकून संपेपर्यंत थांबणारा माणूस तळ्याचं फार काही बिघडवत नाही, आणि आजोबा आता पोरांना पाकिटं उघडण्याआधीच थांबवतात, पाटीपेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

तुमच्या जवळच्या तळ्याबद्दल शंका असेल तर किट नसलं तरी बरंच कळतं. पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञ पाद्रीनं १८६५ मध्ये समुद्रात हे केलं होतं, तळ्यांसाठी वीस सेंटिमीटरची तबकडी वापरतात, आम्ही डब्याचं झाकण वापरलं. शेवाळानं हिरव्या झालेल्या पाण्यात ती तीस सेंटिमीटरच्या आत गायब होत असेल तर ढगाळ दिवसांत तळ्याकडे लक्ष ठेवायला हवं. हिरवं पाणी एका रात्रीत तपकिरी किंवा राखाडी झालं तर शेवाळ मेलंय असं समजायचं आणि त्याच रात्री हवा सुरू करायची. आणि पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय एका कोपऱ्यात जमली असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्यातले काही प्रकार विषारी असतात. तिथं लहान मुलांना आणि कुत्र्यांना पाण्याजवळ सोडू नका, कुत्री पाणी पितात आणि नंतर अंग चाटतात म्हणून त्यांना जास्त धोका. काचेच्या बरणीत ते पाणी, हातमोजे घालून, भरून रात्रभर स्थिर ठेवलं तर साधं शेवाळ बहुतेक खाली बसतं आणि हे वर तरंगून थर धरतं. आमचं खाली बसलं.

त्यानंतर ढगाळ दिवस येऊन गेले, वॉचमनदादांचे फोनही आले, पण मासे मेलेले नाहीत. पाणी अजून हिरवंच आहे, आधीपेक्षा थोडं कमी, झाकण आता जरा खोलवर दिसतं. यापुढे मोठा प्रश्न तळाच्या गाळाचा आहे. इतकी वर्षं साठलेला फॉस्फरस त्या गाळात लोहाला धरून बसलेला असतो, आणि तळाचा ऑक्सिजन संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो, क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे बाहेरून येणारं सगळं आज थांबवलं तरी तळं बरीच वर्षं स्वतःच स्वतःला खत घालत राहणार. कमिटीत काहींना तळं पूर्ण रिकामं करून एकदाच गाळ काढून टाकायचाय, खर्च एकदाच होईल म्हणून. काकांचं म्हणणं आहे की अर्धं तळं बांध घालून कोरडं करा, अर्धं राहू द्या, मासे आणि बदकं त्या अर्ध्यात राहतील, पुढच्या वर्षी दुसरं अर्धं. मी काकांच्या बाजूनं आहे. पुढच्या मीटिंगला वॉचमनदादांनाही बोलवायचं असं ठरलंय, पण मीटिंग संध्याकाळी असते आणि ते तेव्हा झोपेतून उठून ड्युटीवर यायच्या गडबडीत असतात, म्हणून मीटिंगचीच वेळ बदलून सकाळी आठची करा असं मी लिहून दिलंय.